टॅलेंट व्हिसा : सातबारा गहाण टाकण्याआधी एवढं वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळा धडा इथं क्रमानं लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी प्रसंग सांगतो.

केममध्ये माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मही भरून देतो. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते मला माणसाआधी कागद सांगतो. मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक तात्या आले. हातात सातबारा, आठ-अ आणि एक रंगीत माहितीपत्रक.

"सर, तीन-तीन कॉपी मारा."

"काय तात्या, पीककर्ज का?"

"न्हाय. दोन एकर गहाण टाकतोय. पोरगा अमेरिकेला चाललाय. हुशार माणसाला वेगळा व्हिसा आसतोय म्हनं, त्याला लॉटरी लागत न्हाय."

माहितीपत्रक वाचलं. 'आइन्स्टाईन व्हिसा, १०० टक्के खात्री, नोकरीची गरज नाही.' पॅकेज ९ लाखांचं. त्यात तीन पुरस्कार, दोन मासिकांत लेख, एका आंतरराष्ट्रीय परिषदेचं सदस्यत्व आणि सहा शिफारसपत्रं, 'सर्व आम्ही तयार करून देऊ'. तात्यांनी ४०,००० रुपये आधीच भरले होते.

मी म्हटलं, "तात्या, पुरस्कार असे विकत मिळत नाहीत." तात्यांनी माझ्या गल्ल्यामागच्या भिंतीकडं बोट केलं. "मग ह्ये काय? आसंच सर्टिफिकेट माझ्या पोराला देणार हायत."

खरं सांगतो, मला तोंड वर करवेना. ती फ्रेम म्हणजे तीन वर्षांपूर्वी मला मिळालेला 'राष्ट्रीय युवा उद्योजक पुरस्कार'. एका संस्थेचा फोन आला होता, "आपली निवड झाली आहे." नोंदणी फी १८,००० रुपये. कार्यक्रमाला गेलो तर माझ्यासारखे दोनशे 'निवडलेले' लोक रांगेत उभे होते. फोटो काढला, शाल घेतली, घरी आलो आणि फ्रेम लावली. गिऱ्हाईकावर छाप पडते, एवढाच हिशोब केला होता. त्या छापेवर विश्वास ठेवून कुणी जमीन गहाण टाकेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

म्हणून हा धडा. बीबीए करताना हे मला कुणी शिकवलं नाही. त्या दिवसापासून नियम वाचत बसलो, ते तुमच्यापुढं ठेवतो.

१. हा व्हिसा खरा आहे का?

व्हिसा शंभर टक्के खरा आहे. खोटं असतं ते पॅकेज.

अमेरिकेनं १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात 'ओ' नावाचा वर्ग काढला. त्यातला ओ-१ए हा विज्ञान, शिक्षण, व्यवसाय आणि खेळ यांत असामान्य कर्तृत्व असलेल्यांसाठी. ओ-१बी हा कलावंत आणि चित्रपट-टीव्हीवाल्यांसाठी. या कलेच्या व्याख्येत स्वयंपाककलाही धरलेली आहे, हे हॉटेल लाइनच्या मंडळींनी लक्षात ठेवा.

लॉटरीचं तात्यांचं म्हणणंही बरोबर. एच-१बी व्हिसाला वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे आणि अर्ज त्याहून जास्त आले की सोडत निघते. ओ-१ ला अशी मर्यादा नाही. आधी तीन वर्षांपर्यंत मिळतो, पुढं काम चालू असेल तर साधारण एकेक वर्षानं वाढवता येतो. बायको आणि २१ वर्षांखालची मुलं सोबत जाऊ शकतात, पण त्या व्हिसावर त्यांना नोकरी करता येत नाही.

आता माहितीपत्रकातली गडबड. 'आइन्स्टाईन व्हिसा' हे टोपणनाव ईबी-१ या ग्रीन कार्डच्या वर्गाचं आहे. त्यातल्या ईबी-१ए साठी माणूस स्वतः अर्ज करू शकतो, नोकरी लागत नाही. ओ-१ चा अर्ज मात्र अमेरिकेतल्या मालकानं किंवा अमेरिकन एजंटनंच भरायचा असतो. २०२५ च्या जानेवारीत एवढं स्पष्ट झालं की अर्जदाराच्या मालकीची अमेरिकेतली स्वतंत्र कंपनीही तो भरू शकते. एजंटनं एकाचं नाव, दुसऱ्याची सोय आणि तिसऱ्याची खात्री एका पानावर छापली होती. वेगवेगळ्या पोत्यांतला माल एकाच पिशवीत भरून विकावा तसं.

२. आठातले तीन

नोबेलसारखा एखादा जगन्मान्य पुरस्कार असेल तर विषयच संपला. नसेल तर ओ-१ए साठी आठ प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन लागतात. दुकानदाराच्या भाषेत सांगतो :

(१) पुरस्कार : त्या क्षेत्रातल्या उत्तम कामासाठी, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला. परीक्षक कोण, निकष काय, किती जणांतून निवडलं, हे दाखवावं लागतं. माझी फ्रेम इथं बाद.

(२) सदस्यत्व : जी संस्था कर्तृत्व पाहून, तज्ज्ञांकडून तपासून सभासद करते तिचं. वर्गणी भरली की कार्ड, ते चालत नाही.

(३) छापून आलेलं : तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल, मोठ्या माध्यमात किंवा त्या धंद्यातल्या नियतकालिकात. शीर्षक, तारीख, लेखकाचं नाव पाहिजे. पैसे देऊन छापलेली जाहिरात म्हणजे पुरावा नव्हे.

(४) परीक्षक : इतरांचं काम तपासण्यासाठी तुम्हाला बोलावलं गेलं होतं का?

(५) मूळ योगदान : विज्ञानात, विद्येत किंवा धंद्यात तुम्ही नवं काय केलं आणि त्यानं त्या क्षेत्रात मोठा फरक पडला का?

(६) लेखन : त्या विषयातले अभ्यासपूर्ण लेख, नावाजलेल्या नियतकालिकांत.

(७) कळीची जबाबदारी : नावलौकिक असलेल्या संस्थेत तुमच्यावाचून अडेल असं काम. आपल्याच शेडचा 'व्यवस्थापकीय संचालक' असून इथं भागत नाही.

(८) मोबदला : त्याच कामाच्या इतर लोकांपेक्षा ठळकपणे जास्त पगार किंवा फी.

लोक इथंच चुकतात. तीन रकान्यांत खूण झाली म्हणजे पास, असं नाही. त्यानंतर अधिकारी सगळी फाइल एकत्र पाहतो आणि विचारतो, हा माणूस आपल्या क्षेत्रात अगदी वरच्या मोजक्या लोकांत बसतो का? बरोबर त्याच क्षेत्रातल्या संघटनेचं किंवा तज्ज्ञाचं मत जोडावं लागतं. ईबी-१ए ची यादी दहा प्रकारांची, त्यातले किमान तीन, आणि नजर अशीच कडक.

३. गावाचं नाव आणि माणसाचं नाव

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. केमचं कुंकू सगळीकडं माहीत आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण हा लौकिक सगळ्यांचा मिळून आहे. केममधला एखादा कारखानदार म्हणाला, "मी केमचा, म्हणजे मी नामवंत," तर या व्हिसाला ते चालणार नाही. प्रश्न एकच असतो : तू स्वतः काय केलंस, आणि ते तुझंच आहे हे कशावरून?

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर आपल्या शेजारच्या माढा तालुक्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम केलेले शिक्षक रणजितसिंह डिसले. त्यांनी कधी असा व्हिसा मागितला असं मी म्हणत नाही. त्यांचं जाहीर काम फक्त वरच्या यादीवर ठेवून बघू, म्हणजे पुरावा कसा दिसतो ते कळेल.

पुरस्कार : ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. वार्की फाउंडेशनचा, युनेस्कोच्या भागीदारीतला पुरस्कार. १४० हून अधिक देशांतून १२,००० च्या वर नामांकनं, त्यातून दहा अंतिम आणि त्यातून एक. रक्कम १० लाख डॉलर, त्यातली निम्मी त्यांनी उरलेल्या नऊ जणांत वाटून टाकली. बघा, इथं किती जणांतून निवड झाली ते आकड्यात दिसतं.

मूळ योगदान : २००९ मध्ये ते त्या शाळेवर गेले तेव्हा शाळा गुरांच्या गोठ्याला लागून होती. बऱ्याच मुलांची घरची भाषा कन्नड. ती भाषा ते शिकले, पुस्तकं मुलांना कळतील अशी केली आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले. पुढं महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि नंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले. 'मोठा फरक पडला' म्हणजे हे. आपल्या वर्गात सुरू झालेली गोष्ट आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांनीही वापरायला घेतली.

छापून आलेलं : जगभरच्या माध्यमांनी दखल घेतली.

आणि पगाराचा रकाना? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा तो रिकामाच राहणार. चालतं. आठही रकाने भरावे लागत नाहीत. जे भराल ते ठासून भरलेलं पाहिजे.

४. तात्यांच्या पोराची फाइल

आता मूळ गोष्टीकडं. तात्यांचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा, पुण्यात नोकरी. सुट्टीत येऊन त्यानं उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं एक यंत्र बनवलंय, लहान ट्रॅक्टरवर चालेल असं. आजवर १४ विकली. मी त्याला फोन लावला. गहाणखताचं त्याला माहीतच नव्हतं. "सर, मला वाटलं तात्यांनी ऊस बिलातनं पैसे भरले."

मग आम्ही दोघांनी प्रामाणिकपणे यादी तपासली. पुरस्कार नाही. सदस्यत्व नाही. बातमी एक, गावच्या यात्रेतल्या प्रदर्शनाची, तीही मोबाईलवर फोटो काढलेली, तारीख कापली गेलेली. परीक्षक नाही. पगार साधारण. मूळ योगदान मात्र आहे! पण कागदावर काहीच नाही. १४ यंत्रांपैकी ९ रोखीत विकलेली, बिल नाही. कुणाचा किती वेळ आणि डिझेल वाचलं याची नोंद नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक : पेटंटचा अर्ज न करता यंत्र बाजारात विकलं. आपल्या कायद्यात नवेपणा हा पेटंटचा पहिला पाया. आपणच माल आधी उघड विकला की तो पाया जातो. पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण पाती बसवायची नवीन पद्धत केलीय, ती अजून कुणाला दाखवली नाही." म्हटलं, दाखवूही नकोस. आधी तात्पुरता अर्ज कर. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. वकिलाचा किंवा पेटंट एजंटचा खर्च वेगळा. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

एकीकडं ९ लाख, दुसरीकडं १,६००. हुशारी होतीच. तिची नोंद ठेवणारा कुणी नव्हता.

५. खोटा पुरावा किती महाग?

तात्या म्हणाले, "समजा न्हाय चाललं, तर पैसं जातील. दुसरं काय?"

दुसरं पुष्कळ. अमेरिकेच्या कायद्यात, व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर त्या माणसाला कायमची प्रवेशबंदी लागू शकते. पुढं खरं कर्तृत्व गाजवलं, कंपनीनं पर्यटन किंवा बैठकीसाठी पाठवायचं ठरवलं, तरी ती नोंद आडवी येते. आणि अर्जावरची सही एजंटची नसते, आपल्या पोराची असते. एजंट नंबर बदलून मोकळा.

शिफारसपत्रांचंही तसंच. तयार पत्रात काय असतं? 'हा अत्यंत हुशार, कष्टाळू व होतकरू तरुण आहे.' हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून त्याची किंमत शून्य. चांगलं पत्र ज्यानं काम स्वतः पाहिलंय असा जाणकार लिहितो, आणि त्यात चार गोष्टी असतात : मी कोण, हे काम मला कसं कळलं, आधी काय अडचण होती, यामुळे नेमकं काय बदललं.

६. एजंटला विचारायचे पाच प्रश्न

लिहून घ्या, आणि उत्तरही लेखी मागा.

१. व्हिसाचं नेमकं नाव आणि वर्ग कोणता?
२. तिकडं अर्ज कोण भरणार? मालक, एजंट की मी स्वतः?
३. माझ्या खऱ्या कामातले कोणते तीन पुरावे तुम्हाला दिसतात?
४. कायद्याचा सल्ला देणारा अमेरिकेतला परवानाधारक वकील कोण?
५. अर्ज नाकारला तर कोणती रक्कम परत, कोणती नाही?

तिसऱ्या प्रश्नाला "ते आम्ही बनवू" असं उत्तर आलं की उठून या. 'खात्री' हा शब्द आला तरी उठून या. निर्णय अधिकारी घेतो, त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणखी एक. परदेशात नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः पोर्टलवर तपासा.

७. दुसरी दारं

ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा २० फेब्रुवारी २०२० पासून आहे. विज्ञान-संशोधन, कला-संस्कृती आणि डिजिटल तंत्रज्ञान ही त्याची मुख्य क्षेत्रं. नोकरी हातात नसली तरी चालतं, पण बहुतेकांना आधी त्या क्षेत्रातल्या नेमलेल्या संस्थेची मान्यता घ्यावी लागते. त्यात दोन पायऱ्या आहेत : नाव कमावलेले, आणि ज्यांच्यात ती झेप दिसते असे होतकरू. ही दुसरी पायरी तरुणांनी अभ्यासण्यासारखी आहे.

पण मी तात्यांच्या पोराला वेगळंच विचारलं. "तुला तिकडं राहायचंय, की तुझं यंत्र तिकडं जायला पाहिजे?" माल पाठवायला माणसानं स्थलांतर करावं लागत नाही. आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये. आपल्या करमाळ्याच्या पट्ट्यातली केळी आखातात जातात, ती पिकवणारा इथंच असतो. त्यावर तो म्हणाला, "सर, मला दोन्ही पाहिजे." बरं वाटलं. स्वप्न लहान करायला मी सांगतच नाही. पाया आधी भरा, एवढंच.

८. गृहपाठ : आठ कप्प्यांची फाइल

व्हिसा हवा असो वा नसो, ही फाइल प्रत्येकानं करायची. हीच बँकेत, टेंडरला, सरकारी योजनेत कामाला येते.

• वरच्या आठ मुद्द्यांचे आठ कप्पे करा. रिकामा कप्पा रिकामाच ठेवा, तो रोज दिसला पाहिजे.
• आजपासून प्रत्येक विक्रीचं बिल. प्रत्येक पाचव्या गिऱ्हाइकाकडून दोन ओळी : आधी किती वेळ-खर्च, आता किती. तारीख आणि सही.
• यंत्र असेल तर चाचणी करून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अवजारांची चाचणी होते. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन काम दाखवा, मत मागा. नवी गोष्ट असेल तर मात्र आधी पेटंटचा अर्ज, मग दाखवणं.
• खऱ्या स्पर्धेत उतरा. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही २००० साली सुरू झालेली संस्था गावपातळीवरच्या संशोधकांची नोंद घेते, तपासते, गौरव करते. 'निवड झालीय, फी भरा' म्हणणारा फोन आला की ठेवून द्या.
• 'ॲग्रोवन'सारख्या तुमच्या क्षेत्रातल्या दैनिकात, मासिकात काम छापून आलं तर पूर्ण पान जपा. तारीख, पान क्रमांक, लेखकाचं नाव दिसलं पाहिजे. मराठी कागद अमेरिकेला द्यायचा असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.
• वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाला, फाइल उघडा. कोणता कप्पा जाड झाला ते बघा.

एक सूचना : फी आणि नियम बदलत राहतात. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. वाचता येत नसेल तर दुकानात या, आपण मिळून वाचू. त्याचे पैसे नाहीत.

तात्यांचे ४०,००० अजून परत आलेले नाहीत, तक्रार दिली आहे. दोन एकर मात्र वाचले. झेरॉक्स मारलेला सातबारा त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सर, ह्याचं किती झालं?" मी म्हटलं, राहू द्या.

ते गेल्यावर ती फ्रेम मी भिंतीवरून उतरवली. तिथं आता बिलबुकांचा रॅक आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर पहिला कप्पा भरा.